पावणेपंचाहत्तर

आमच्या सरांच्या इतिहासाच्या पेपरात पन्नास मार्क पडले की पोरगं हुशार समजलं जाई. साठ पडले तर घरी पेढे येत. आणि चुकून कुणी साठाच्या वर गेलेलं दिसलं, तर खुद्द सरच तो पेपर परत मागवून घेत आणि ‘माझ्याकडून काही नजरचूक झालेली दिसते’ म्हणून पुन्हा तपासायला बसत. दुसऱ्या तपासणीत ते पोरगं छप्पन्नावर आलेलं असे. पंचाहत्तर मार्क, म्हणजे मार्कशीटवर ज्याला ‘विशेष प्रावीण्य’ म्हणतात ते, त्यांच्या हातून कुणालाही मिळाल्याचं शाळेत कुणाला आठवत नव्हतं. गणितात शंभरापैकी शंभर आणणारी पोरंसुद्धा त्यांच्यापुढं येऊन आपटत.

बोर्डाचा पेपर कमी मार्कांचा असला तरी सर शाळेत तो शंभराचाच काढत. हेडमास्तरांनी एकदा कारण विचारलं, तेव्हा म्हणाले की एवढी माणसं मेली तेव्हा हा विषय तयार झाला, त्याला निम्म्यात कसा मोजायचा.

पोरं त्यांना पाऊणमास्तर म्हणत. कारण मार्क देताना ते पूर्ण आकड्याला सहसा हात लावत नसत. सव्वादोन, पावणेचार, साडेपाच, असं चाले. पाव मार्कासाठी ते पाच पाच मिनिटं पेन्सिल धरून बसत. याचा सगळ्यात जास्त त्रास आमच्या शाळेच्या क्लार्कला होई. निकालाच्या रजिस्टरात पावाला रकानाच नव्हता. त्यानं एकदा एका पोराचे पावणेएकोणसाठ खोडून सरळ एकोणसाठ लिहिले. सरांनी ते पाहिलं, ऑफिसात जाऊन लाल शाईनं पुन्हा पावणेएकोणसाठ केलं, खाली सही केली आणि शांतपणे विचारलं, “हा पाव मार्क आपल्या घरून आणला होता का?” त्यानंतर क्लार्कनं सरांच्या विषयापुरता रकाना पट्टीनं आखून रुंद करून घेतला.

दिसायला माणूस अगदी सरळसोट. गळ्यापर्यंत बटणं लावलेला लांब पांढरा कोट, खाली तंग पायजमा, आणि बसायला लेडीज सायकल. त्या पायजम्यात टांग टाकणं अशक्यच होतं. कुणी सायकलीवरून हसलं तर ते म्हणत की घोड्यावर टांग टाकता टाकता पडलेले सरदार मी वाचलेले आहेत, मला गरज नाही. सायकलीच्या हँडलला एक उशीचा अभ्रा लटकलेला असे. त्यावर त्यांच्या पत्नीनं भरतकाम केलेली पोपटांची जोडी होती. आमचे पेपर त्या अभ्र्यातून घरी जात आणि त्यातूनच परत येत. सर वर्गात येऊन टेबलावर अभ्रा ठेवत, तेव्हा ते दोन हिरवे पोपट पाहून भलेभले बाकाखाली बोटांवर मार्क मोजू लागत.

त्यांचा एक ठरलेला हिशोब होता आणि तो त्यांनी आमच्यापासून कधी लपवला नाही. प्रश्न दहा मार्कांचा. काय झालं, दोन मार्क. कधी झालं, दोन. का झालं, दोन. कशावरून म्हणतोस, दोन. आणि तुला स्वतःला काय वाटतं, दोन. पहिले सहा मार्क पुस्तकातून मिळत. सातव्या-आठव्यासाठी डोकं खाजवावं लागे. शेवटचे दोन मात्र आमच्यापैकी कुणी पाहिलेले नव्हते, कारण आम्हाला स्वतःला काही वाटत नसे, वाटलं तर भूक लागल्यासारखं वाटे. ‘माहीत नाही’ असं जिथं लिहायला हवं तिथं ते लिहिलं तर पाव मार्क जास्त मिळतो अशी एक अफवा होती. एका पोरानं ती ऐकून दहाही प्रश्नांना ‘माहीत नाही’ लिहिलं. त्याला अडीच मार्क पडले, म्हणजे अफवा खरी होती.

‘अजिंक्य’ हा शब्द त्यांना सहन होत नसे. सहामाहीत आम्ही बारा जणांनी ‘दौलताबादचा अजिंक्य किल्ला’ असं लिहिलं. सरांनी प्रत्येकाचे पावणेदोन कापले आणि रविवारी बाराही जणांना एसटीनं दौलताबादला नेलं. खालच्या दरवाजापासून वर चढवलं. प्रत्येक दरवाजाशी थांबवून विचारलं, हा कुणी घेतला, मग कुणी घेतला, मग कुणी. अंधाऱ्या वाटेत वटवाघळं डोक्यावरून फडफडत होती, दोघं तर रडायच्या बेतात होते, आणि सर अंधारातूनच विचारत होते, “आता किती वेळा झाला? मोजताय ना?” वर पोचेपर्यंत बोटं अपुरी पडली. एकानं धापा टाकत विचारलं की सर, मग किल्ल्याला काय म्हणायचं. सर खाली गावाकडं बघत म्हणाले, “चढायला अवघड.”

वार्षिक परीक्षेत वर्गातल्या एक्केचाळीस पोरांनी लिहिलं, ‘दौलताबादचा किल्ला चढायला अवघड आहे.’ सरांनी सगळ्यांचा अर्धा मार्क कापला. म्हणाले, हे वाक्य माझं आहे, तुमचं कुठंय.

राजधानी दिल्लीहून इकडं हलवणाऱ्या सुलतानाला कुणी वेडा लिहिलं तर विचारत, हकिमाचा दाखला पाहिलास का. तहाच्या अटी, लढायांच्या तारखा, राजांची वंशावळ, कशातच आमची सुटका नव्हती. आणि गंमत अशी की आम्हाला त्यांचा राग येत नसे. बाकीचे मास्तर शंभर पोरांना एकाच नजरेनं तपासत. हा माणूस आमचा प्रत्येक शब्द वाचतो, हे आम्हाला कळत होतं. पंधरा वर्षांच्या पोराचा प्रत्येक शब्द दुसरं कोण वाचतं?

सरांचं सगळं शिक्षण निजामाच्या काळातलं. घरी मराठी, पण शाळेत भूगोल, गणित, इतिहास सगळं उर्दूत. ते मास्तर झाले आणि लगेच पोलीस ॲक्शन झाली, म्हणजे भारताची फौज आली, संस्थान गेलं, शाळा मराठी झाली. सरांनी मराठी पुस्तकं आणली आणि पोरांच्या एक पान पुढं राहत इतिहास पुन्हा शिकून घेतला. त्यामुळं त्यांची मराठी फार शुद्ध होती, नको तितकी. मात्र राग आला की, किंवा पेपर तपासताना, म्हणजे दोन्ही एकच, ते उर्दूत जात. पेपराच्या समासात लाल पेन्सिलीनं उजवीकडून डावीकडं त्यांचे शेरे धावत. आम्हाला त्यातलं अक्षर कळत नसे. कुणीतरी तक्रार केली तर म्हणाले की शेरा उत्तरासाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

मग आम्ही पेपर घेऊन शहागंजच्या बाजारात जात असू. तिथं घड्याळं दुरुस्त करणारे एक चाचा बसत. एका डोळ्याला भिंग लावलेलं, दुसरा अर्धा मिटलेला. शाळा सुटली की त्यांच्या टपरीपुढं आमची रांग लागे. चाचा हातातलं घड्याळ बाजूला ठेवत, पेपर भिंगाखाली धरत आणि शेरे मोठ्यानं वाचून त्यांचा अर्थ सांगत. ‘जनाब, तहाच्या अटी पाच होत्या, आपण नऊ दिल्यात. आपल्याशी तह करणं महागात पडेल.’ ‘या मुलानं लढाई जिंकली, पण कोणती ते सांगितलं नाही.’ ‘हे वाक्य गाइडचं आहे. गाइडला दोन मार्क दिले, तुला शून्य.’ हा शेवटचा माझ्या पेपरावरचा. चाचा इतके हसले की भिंग डोळ्यातून सुटून मांडीवर पडलं. एवढं करून निर्णय ते नेहमी सरांच्याच बाजूनं देत. म्हणत, “बराबर बोल्ते तुम्हारे सर.”

परवा आमच्या शेजारच्या मुलीला दहावीत सामाजिक शास्त्रांत शंभरापैकी सत्त्याण्णव पडले आणि ती तीन मार्कांसाठी रडत होती. तिचे वडील फेरतपासणीचा अर्ज भरत होते. तिनं मला विचारलं, काका, तीन कुठं गेले असतील. माझ्या डोळ्यांपुढं ते पोपट येत होते, आणि माझा स्वतःचा दहावीचा पूर्वपरीक्षेचा पेपर.

आमची शेती सोयगावच्या बाजूला. मी शिकायला तेव्हाच्या औरंगाबादला आत्याकडं राहत होतो. आबा, म्हणजे माझे वडील, महिन्यातून एकदा ज्वारी आणि तूप घेऊन एसटीनं येत. आमच्या भागात विहिरींवर नुकत्याच मोटारी बसत होत्या आणि दुरुस्त करणारं कुणी नव्हतं. तेव्हा दहावीनंतर मी मोटारी शिकायच्या आणि गावात दुकान टाकायचं, हे आबांनी ठरवून टाकलं होतं. मी म्हणालो, मला आर्टला जायचंय, इतिहास घ्यायचाय.

आबा रागावले नाहीत, त्यांना काळजी वाटली. माझ्या आत्याला त्यांनी विचारलं, ह्याला ताप बीप तर नाय ना. मग बराच वेळ विचार करून म्हणाले, “त्या तुमच्या पाऊणमास्तराकडनं पंचाहत्तर आण. मंग जा आर्टला. नायतर मुकाट मोटारी.”

मी म्हणालो की बोर्डाचे मार्क धरा ना. आबांनी मान हलवली. बोर्डाचा पेपर कुठल्या गावी कोण तपासतो कुणास ठाऊक. पण या मास्तराचे पेपर त्यांनी तीन वर्षं पाहिले होते, साडेबावन्न, पावणेपन्नास. माणूस लई इमानी हाय, म्हणाले, कुणाला फुकट काय देत नाय. त्यानं पंचाहत्तर दिले तर मी समजंन की पोरात काय तरी हाय.

म्हणजे प्रत्येक दहामध्ये साडेसात. पहिले आठ तर सर कुणालाच पुरे देत नसत, म्हणजे शेवटच्या दोनांत हात घातल्याशिवाय सुटका नाही. मी जानेवारीतल्या पूर्वपरीक्षेपर्यंत गाइडला शिवलो नाही. तारखा तर पाठ केल्याच, पण प्रत्येक वाक्यामागं ‘कशावरून’ विचारायची सवय लावून घेतली. इतकी, की आत्यानं भाजीत मीठ घातलंय म्हटलं तरी मी कशावरून विचारू लागलो, आणि एकदा ताट पुढून उचललं गेलं.

एक प्रश्न सर दरवर्षी काढत, ‘हैदराबाद मुक्तिसंग्रामात आपल्या भागातील लोकांनी काय केले?’ यात कुणालाही पाचाच्या वर मिळत नसत, कारण सगळे पुस्तकातल्या पुढाऱ्यांची नावं लिहीत. मला वाटलं, माझ्या घरातच उत्तर आहे. आबा तेव्हा सतरा वर्षांचे होते, आणि फौज आली त्या दिवशी गावातल्या चावडीवर झेंडा त्यांनी लावला होता. ही गोष्ट ते लग्नात सांगत, बारशात सांगत, पंधरा ऑगस्टला तर शाळेतली पोरंच ती त्यांना पुढची पुढची सांगत. आता फक्त साक्षीदार हवा होता. मी आत्याला विचारलं.

आत्या भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला आणि जी हसायला लागली ती थांबेचना. “झेंडा? आरं, तुझा बाप त्या दिवशी धान्याच्या कणगीत हुता. भादव्यात कणगी रिकामीच. मी हुडकत गेले तं आतनं बाहेर आला, डोक्यात सारं भुसकट. मीच झटकलं.”

परीक्षेच्या हॉलमध्ये तो प्रश्न पुढं आला तेव्हा मी दहा मिनिटं नुसता बसून होतो. झेंडा लिहिला तर कशावरून? आबांशिवाय कुणीच सांगत नव्हतं. कणगी लिहिली तर साक्षीदार होती, स्वतः भुसकट झटकलेली. आणि मला साडेसात हवे होते. मी लिहिलं. माझे वडील सांगतात की झेंडा त्यांनी लावला. माझी आत्या सांगते की ते कणगीत लपले होते. आत्यानं स्वतः पाहिलं म्हणून मी तिचं धरतो. झेंडा कुणी लावला ते मला माहीत नाही. मला वाटतं, त्या वयाची पुष्कळ माणसं तेव्हा कुठं ना कुठं लपली असतील, पण पुस्तकात ती नाहीत.

लिहून झाल्यावर मला आबांची लाज वाटली, आणि ती वाटल्याची जास्त लाज वाटली. पण पान फाडलं नाही.

निकालाच्या दिवशी अभ्र्यातून माझा पेपर सगळ्यात शेवटी निघाला. सर स्वतःच नाराज दिसत होते. म्हणाले, “तीनदा तपासला. खाली येत नाही.” आणि मग आकडा सांगितला, पावणेपंचाहत्तर.

तास संपल्यावर मी त्यांच्या मागं व्हरांड्यात गेलो आणि पाव मार्क मागितला. का हवाय विचारलं तेव्हा आबांची अट सांगितली. सरांनी ती नीट ऐकून घेतली. मोटारीचं काम वाईट नाही, म्हणाले, त्यात शंभरापैकी शंभर मिळतात, मोटार एक तर चालते किंवा चालत नाही. मग सायकलीवर बसून निघून गेले. मी पाव मार्काच्या अंतरावर उभा राहिलो आणि मला खरंच रडू आलं.

त्या कणगीच्या उत्तराला दहापैकी पावणेनऊ होते, आणि खाली चार ओळींचा शेरा. एवढा लांब शेरा मी कधी पाहिला नव्हता. धावत शहागंजला गेलो. चाचांनी भिंग लावून पहिली ओळ मोठ्यानं वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं. पुढचं मनातल्या मनात वाचलं. मग भिंग काढलं, जे ते कधी काढत नसत, आणि विचारलं, “तेरे बावा कू उर्दू आती क्या?”

मी हो म्हणालो. आबा सोयगावला चौथीपर्यंत उर्दूतच शिकले होते, शेताचे जुने कागद तेच वाचत.

“तो उनकू दे,” चाचा म्हणाले. “मैं नई पढता.”

शनिवारी आबा आले. पिशवी खाली ठेवायच्या आत त्यांनी पेपर मागितला. वरचा आकडा पाहिला. पावणे म्हंजे नाय झाले, म्हणाले, आणि तेवढ्यावर न थांबता चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला बसले. एकेका शब्दावर बोट ठेवून. मी भिंतीला टेकून उभा. कणगीपाशी बोट थांबलं. आबांचे कान लाल झाले. त्यांनी आत्याकडं पाहिलं, तेव्हा आत्याला एकदम दूध उतू जात असल्याची आठवण झाली आणि ती आत गेली.

मग बोट शेऱ्यावर गेलं आणि दिशा बदलून उजवीकडून डावीकडं सरकू लागलं. आबांनी ते दोनदा वाचलं. नंतर मला जवळ बसवून मराठीत सांगितलं. सरांनी लिहिलं होतं, ‘फौज आली त्या चार दिवसांत मी माझ्या घराच्या रिकाम्या हौदात बसून होतो. हा धडा दरवर्षी शिकवतो, पण हे वर्गात कधी सांगितलं नाही. या मुलाच्या वडिलांना माझा सलाम पोचावा.’

आबांनी चष्मा खिशात घातला, टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, “चल, मास्तराचं घर दाव.”

सर पडवीत बसून दुसऱ्या एका वर्गाचे पेपर तपासत होते. आबांना पाहून उठले. नमस्कार झाले, चहा आला. आबांनी चहाला हात लावला नाही. म्हणाले, “मास्तर, माझ्या पोराचे मार्क कमी करा.”

आपल्या नोकरीत ही मागणी सरांनी पहिल्यांदाच ऐकली असावी. त्यांच्या चेहऱ्यावर आदर दिसायला लागला.

“ते उत्तर बरोबर नाय,” आबा म्हणाले.

“कशावरून?” सर म्हणाले. ते आपोआपच त्यांच्या तोंडून गेलं.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. कपावर साय धरली. मग खाली जमिनीकडं बघत म्हणाले, “कणगीत मी एकटा नव्हतो.”

फौज आली, रझाकार पळाले, आणि मग गावात वारं उलटं फिरलं. ज्यांचा काही दोष नव्हता त्यांच्याही घरांवर लोक चालून जायला लागले. गावात एका मुसलमान दर्ज्याचं घर होतं. त्याचा पोरगा आबांच्या वर्गातला, चौथीपर्यंत एकाच चटईवर बसलेला. आबांनी त्याला मागच्या दारानं आणून कणगीत घातला. पण तो भीतीनं एवढा कापायला लागला की कणगी बाहेरून हललेली दिसे. म्हणून आबा स्वतः आत उतरले आणि त्याला धरून बसले. तेवढ्यात आत्या शोधत आली. ती आत डोकावेल म्हणून आबा आपण होऊन बाहेर आले, भुसकट झटकून घेतलं, हसू दिलं. दोन दिवस असंच गेलं. तिसऱ्या दिवशी बैलगाडीत कडब्याखाली घालून त्याला जळगावच्या बाजूला, त्याच्या मामाकडं पोचवलं.

“लपला लपला म्हणून सारा गाव हसायला लागला,” आबा म्हणाले. “खरं सांगितलं असतं तं हसले नसते, घर पेटवलं असतं. मंग मी झेंड्याचं काढलं. नंतर तेच तोंडात बसलं.”

सरांनी विचारलं, तो माणूस आहे का.

“हाय की. जळगावात शिलाई मारतो. दरसाल मला एक सदरा शिवून धाडतो, माप न घेता. दरसाल खांद्यात घट्ट व्हतो. त्याच्या ध्यानात माझं माप अजून सतरा वर्साचंच हाय.”

मी त्या सदऱ्यांना लहानपणापासून हसत आलो होतो. आबा दिवाळीला ते घालायचे आणि दिवसभर हात वर करता येत नसे. मला वाटे, कंजूषपणानं जुनेच घालतात. त्या पडवीत बसून मला आबांचा इतका अभिमान वाटला की त्यांच्याकडं बघवेना.

सर पेन्सिलीला उगाच टोक करत होते. टोक होऊन गेलं तरी करत होते. मग म्हणाले, “मी हौदात एकटाच होतो. शेजारच्या घरातलं कुणीतरी दार वाजवत होतं. बराच वेळ वाजवत होतं. मी बाहेर आलो नाही.”

आबांनी ‘जाऊ द्या’ म्हटलं नाही, ‘चालायचंच’ म्हटलं नाही. ते उठून सरांच्या शेजारी जाऊन बसले. तिथं त्यांनी गार झालेला चहा उचलला आणि पिऊन टाकला. मला सरांची फार दया आली. वर्गात ज्यांच्यापुढं बोलायची हिंमत नव्हती, त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं. ठेवला मात्र नाही.

मग सरांनी माझ्याकडून पेपर मागून घेतला. ते पान काढलं. पावणेनऊवर काट मारली आणि लाल पेन्सिलीनं आठ लिहिलं. पहिल्या पानावरचा आकडाही खोडून नवा टाकला आणि बाजूला सही केली.

“उत्तर अपुरं आहे,” म्हणाले. “पाऊण कमी.”

चौऱ्याहत्तर. माझं तोंड एवढंसं झालं. आबांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, “ह्याला आर्टला घालतो.”

माझ्या तोंडून निघून गेलं की आबा, तुम्ही पंचाहत्तर म्हणाला होतात.

“मोटारी कुणी बी दुरुस्त करंल,” आबा म्हणाले. “हे कोण लिव्हणार?”

सरांनी पेपर उलटा करून शेवटचं कोरं पान माझ्यापुढं ठेवलं आणि खिशातलं पेन उघडून हातात दिलं. मी आबांकडं पाहिलं. झाल्या गोष्टीला इतकी वर्षं झाली होती, सुरुवात कुठून करायची मला कळेना.

आबा जरा पुढं सरकून बसले. “आधी त्याचं नाव लिही,” ते म्हणाले. “माझं मागनं.”